सामायिक ई-मेल, फुकटचा की विकतचा: एका कुळागराच्या कचेरीतील प्रकल्प नोंदी

२ जून

आमचे कुळागर, म्हणजे मसाल्यांची बाग, गोव्यात फोंडा तालुक्यात आहे. पर्यटकांना बागेतून फिरवून जायफळ, मिरी, वेलची दाखवणे, त्यांना दुपारचे जेवण देणे, मसाल्यांची पाकिटे विकणे आणि मुक्कामासाठी ठेवलेल्या दोन खोल्या भाड्याने देणे असा आमचा व्यवसाय आहे. हंगाम ऑक्टोबरात उभा राहतो आणि मार्चअखेर ओसरतो. त्यामुळे कचेरीतील कोणतीही मोडतोड पावसाळ्यातच करावी लागते, आणि यंदा ई-मेलचे काम हाती घेतले आहे. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

आजची स्थिती अशी आहे. कुळागराच्या नावाने एक फुकटचे जीमेल खाते आहे आणि त्याचा पासवर्ड चौघांना ठाऊक आहे: मालक असलेले माझे काका, बुकिंग पाहणारी मी, हिशेबनीस आणि पर्यटकांना फिरवणारा गाइड. संकेतस्थळासाठी डोमेन (इंटरनेटवरचे आपले नाव) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा) घेतलेले आहे, परंतु त्या डोमेनचा ई-मेल आम्ही कधी वापरला नाही.

कामाला निमित्त झाले ते एप्रिलमध्ये. कळंगुटच्या एका एजंटाने फोन करून सांगितले की त्याचे मेल परत येत आहेत. फुकटच्या गुगल खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात. गाइडच्या फोनवर कुळागराचे खाते चालू होते, आणि त्याने हंगामभर काढलेले प्रत्येक छायाचित्र आणि चलचित्र निमूटपणे त्याच खात्यात चढत होते. जागा संपली की नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. फोटोंचा बॅकअप बंद करून आणि मोठी चलचित्रे काढून टाकून आज जागा मोकळी केली. यासाठी एक रुपयाही लागला नाही. मात्र किती चौकशा परत गेल्या हे आता कळण्याचा मार्ग नाही.

५ जून

जागेचा प्रश्न सुटला तरी खरे दुखणे वेगळे आहे, हे सेंट फोल्डर चाळताना पुन्हा दिसले. डिसेंबरात कोल्हापूरच्या एका शाळेने सहलीसाठी दर विचारला होता. काकांनी प्रवासात असताना फोनवरून जुना दर कळवला. तासाभराने मी कचेरीतून नवा दर कळवला. दोन्ही उत्तरे एकाच पत्त्यावरून, एकाच सहीने गेली. मुले १४० होती आणि दरातील फरक माणशी ५० रुपयांचा होता. शाळेने अर्थातच कमी दर धरला आणि ७,००० रुपये गेले. "अगो, तू उत्तर दिलेस ते मला कळणार कसे?" असे काका तेव्हा म्हणाले होते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. सामायिक पासवर्डाच्या खात्यात कोणी उत्तर दिले याची नोंदच उरत नाही, कारण खात्याच्या दृष्टीने तिथे एकच माणूस असतो.

म्हणून निवडीची कसोटी ठरवली. आलेल्या मेलला कोणी हात घातला आहे हे बाकीच्यांना दिसले पाहिजे. माणूस सोडून गेला तर पासवर्ड न बदलता त्याचा प्रवेश बंद करता आला पाहिजे. पत्ता आमच्या डोमेनचा हवा. बागेत रेंज जेमतेम असते आणि पावसात वीज जाते, तेव्हा फोनवरूनही काम चालले पाहिजे. जागा किती जीबी हा प्रश्न या सगळ्यांच्या मागून येतो, जरी जाहिरातीत तोच आधी दिसतो.

९ जून

पैसे खर्च करण्यापूर्वी फुकटच्या वाटा तपासायच्या असे ठरले आहे. पहिली वाट जीमेलमध्येच आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या व्यक्तीला प्रवेश देण्याची सोय आहे आणि फुकटच्या खात्यात दहा जणांपर्यंत तो देता येतो. प्रत्येकाने आपापल्या जीमेल खात्यातून आत यायचे आणि तिथून कुळागराचा इनबॉक्स उघडायचा. पासवर्ड फक्त काकांकडे राहतो आणि दुहेरी पडताळणीचा कोड त्यांच्याच फोनवर येतो. पूर्वी तो कोड सांगण्यासाठी काकांना गाठावे लागे. ते देवळाच्या बैठकीला बसलेले असले की बुकिंग थांबे. परवानगी लागू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे लगेच दिसले नाही म्हणून पुन्हापुन्हा परवानगी देत बसू नये. उत्तर जाताना पाठवणाऱ्याचा खाजगी पत्ताही ग्राहकाला दिसतो, तो लपवण्याचा पर्याय त्याच सेटिंगमध्ये आहे. आमच्या हिशेबनिसांचा खाजगी पत्ता त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला असल्यामुळे तो पर्याय तातडीने वापरला.

प्रत्येकाच्या नावाचे लेबल तयार करून, मेल हाती घेताना ते लावायचे अशी शिस्त ठरवली आणि ती बऱ्यापैकी चालली. दिवसाला ५०० जणांना मेल पाठवण्याची मर्यादाही आम्हाला पुरेशी आहे. अडले ते पत्त्यावर. मोठ्या हॉटेलांचे खरेदी विभाग मसाल्यांच्या पुरवठ्यासाठी नोंदणी करताना व्यवसायाच्या डोमेनचा पत्ता मागतात, आणि जीमेलचा पत्ता दिला की फोन करून खात्री करतात. ज्यांचे दुकान दोन माणसांचे आहे, दोघेही संगणकासमोर बसतात आणि ज्यांना जीमेलच्या पत्त्याची अडचण नाही, त्यांनी माझ्या मते इथेच थांबावे. पुढचा खर्च त्यांच्यासाठी नाही.

१४ जून

दुसरी फुकटची वाट होस्टिंगची. संकेतस्थळाच्या होस्टिंगसोबत ई-मेल मिळतोच, त्यामुळे सी-पॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रणाच्या पानावर, जाऊन बुकिंग आणि हिशेब असे दोन पत्ते तयार केले. हे काम पाच मिनिटांचे आहे. त्यानंतरचे निस्तरण्यात मात्र जवळजवळ सगळा आठवडा गेला.

पहिली अडचण हिशेबनिसांच्या संगणकावर आली. त्यांच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये खाते पीओपी पद्धतीने जोडले गेले होते. या पद्धतीत मेल संगणकावर उतरतो आणि प्रत ठेवण्याची खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरून पुसला जातो. माझ्याकडे इनबॉक्स रिकामा आणि त्यांच्याकडे भरलेला, असा प्रकार झाला. खाते काढून आयमॅप पद्धतीने, ज्यात मेल सर्व्हरवरच राहतो, पुन्हा जोडल्यावर सर्वांना सारखेच दिसू लागले. सामायिक पत्त्याला पीओपी कुठेही लावू नये.

आयमॅपने दुसरी अडचण आणली. एकाने मेल उघडला की सर्वांकडे त्याची ठळक अक्षरे साधी होतात, आणि बाकीचे समजतात की त्याचे काम झाले. जीमेलच्या लेबलांसारखी सर्वांना दिसणारी सोपी खूण इथे सापडली नाही.

तिसरी अडचण निर्णायक ठरली. या पत्त्यावरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या खात्यांवर चाचणीचे मेल पाठवले, तर बरेचसे स्पॅममध्ये पडले. मेलचे शीर्षलेख (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) उघडून पाहिले तेव्हा एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी, बरोबर होते; डीकेआयएमची सही, म्हणजे मेल खरोखर त्या डोमेनचा आहे हे पटवणारी डिजिटल खूण, मात्र नव्हती. ती सी-पॅनेलच्या डिलिव्हरेबिलिटी पानावरून चालू करता आली. तरीही सुधारणा अर्धवटच झाली, कारण सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) कचरा मेल पाठवणाऱ्यांच्या एका काळ्या यादीत होता. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर असंख्य संकेतस्थळे असतात आणि त्यांतील एकाने कचरा मेल पाठवले तरी नाव सगळ्यांचेच खराब होते. कंपनीच्या मदतकेंद्राने दुसऱ्या एका ग्राहकामुळे असे झाल्याचे सांगितले, यादीतून नाव निघालेही, परंतु उद्या पुन्हा जाणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. याशिवाय मेलची जागा संकेतस्थळाच्याच जागेतून जाते, आणि होस्टिंगचे नूतनीकरण चुकले तर संकेतस्थळ आणि मेल दोन्ही एकाच दिवशी बंद पडतात. ही वाट सोडली.

१८ जून

डोमेनचा मेल फुकटच्या जीमेलमध्ये ओढून घेण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. दुसऱ्या खात्यातील मेल पीओपीने तपासण्याची ती सोय काढून घेण्यास २०२६ मध्ये सुरुवात करणार असल्याचे गुगलने जाहीर केले आहे, तेव्हा नव्याने तिच्यावर काही उभारण्यात अर्थ नाही. होस्टिंगवरून जीमेलकडे मेल सरळ पुढे धाडणे शक्य आहे, पण धाडलेला मेल आमच्या सर्व्हरवरून आल्यासारखा दिसतो आणि मूळ पाठवणाऱ्याचे एसपीएफ जुळत नाही. ही वाट पुढे तपासली नाही.

२२ जून

झोहोची फुकट योजना तपासली. एका डोमेनवर पाच जणांपर्यंत प्रत्येकी ५ जीबी जागा मिळते आणि २५ एमबीपर्यंतची जोडपत्रे पाठवता येतात. आम्ही चौघे असल्याने आकडा जुळत होता. डोमेनचा पत्ता, प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन, फोनवरील ॲप आणि शून्य खर्च, एवढे सगळे एकत्र मिळाल्यावर काकांचा निर्णय तिथेच झाला होता.

गाडी अडली ती हिशेबनिसांच्या टेबलापाशी. या फुकट योजनेत आयमॅप आणि पीओपी मिळत नाही. मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच ॲपमध्ये पाहावा लागतो. हिशेबनीस दिवसभर एक्सेल आणि आउटलुक यांतच असतात, प्रत्येक पुरवठादाराचा त्यांचा वेगळा फोल्डर आहे आणि इंटरनेट गेल्यावर जुनी बिले संगणकावरच शोधता येतात हा त्यांचा मोठा आधार आहे. पावसाळ्यात त्यांच्याशी यावर वाद घालणे शहाणपणाचे नव्हते, कारण आम्ही बोलत असतानाच वीज गेली आणि त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर मार्चचे एक बिल काढून दाखवले.

आयमॅप हवे असेल तर झोहोची सर्वांत खालची विकतची योजना घ्यावी लागते. मी पाहिला त्या दिवशी वार्षिक भरण्याचा दर माणशी महिना ५९ रुपये होता, म्हणजे वर्षाला ७०८ आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ८३५ रुपये. चौघांचे साडेतीन हजारही होत नाहीत. पाहिलेल्या विकतच्या योजनांत हीच सर्वांत स्वस्त, आणि ज्यांची माणसे ब्राउझर आणि फोन यांवरच काम करतात त्यांना तर फुकटचीही पुरेल. आम्ही लगेच पैसे भरले नाहीत, कारण पैसे द्यायचेच तर गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे सामायिक मेलबॉक्स कसा आहे ते पाहून मग द्यावेत असे ठरले.

२७ जून

गुगल वर्कस्पेसची चौदा दिवसांची चाचणी घेतली. तिथे बुकिंगचा पत्ता ग्रुप म्हणून तयार करून त्याला सामायिक इनबॉक्सचे रूप देता येते. आलेला मेल अमुक माणसाकडे सोपवता येतो आणि काम झाले की तशी खूणही करता येते. आमच्या कसोटीला कागदावर हेच सर्वांत जवळचे उत्तर होते. परंतु ही सोपवणी ग्रुप्सच्या वेगळ्या पानावर होते, नेहमीच्या जीमेल इनबॉक्समध्ये नव्हे. कचेरीत बसून ते जमले. काकांनी मात्र दोन्ही ठिकाणी पाहायचे कशाला म्हणून इनबॉक्समध्ये आलेल्या प्रतीलाच उत्तर दिले, आणि ग्रुपच्या पानावर तो मेल कोणाकडेच न सोपवलेला राहिला. जे साधन वापरायला माणूस वाट वाकडी करणार नाही, ते कितीही चांगले असले तरी आमच्या कामाचे नाही.

मायक्रोसॉफ्टकडे शेअर्ड मेलबॉक्स हा वेगळाच प्रकार आहे. ५० जीबीपर्यंत त्याला परवाना लागत नाही, फक्त तो उघडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. म्हणजे बुकिंग, हिशेब, मसाले असे कितीही पत्ते काढले तरी पैसे पत्त्यांचे पडत नाहीत, माणसांचे पडतात. ही गोष्ट नीट कळल्यावर आमचा सगळा हिशेब बदलला. तोवर आम्ही प्रत्येक पत्त्यासाठी एक खाते धरून आकडे मांडत होतो आणि ते फुगत होते. गुगलच्या ग्रुपलाही वेगळे पैसे पडत नाहीत, हेही इथेच सांगितले पाहिजे.

मग माणसे मोजली. काका, मी आणि हिशेबनीस यांना परवाना हवाच. गाइडला काय लागते ते विचारले तेव्हा कळले की त्याला फक्त उद्या येणाऱ्या गटांची यादी हवी असते, आणि ती आम्ही संध्याकाळी व्हॉट्सॲपवर धाडतोच. चौथा परवाना घेतला नाही. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही तळाच्या योजना वार्षिक कराराने मी पाहिले तेव्हा माणशी महिना साधारण दीडशे ते दोनशे रुपयांच्या दरम्यान पडत होत्या. तिघांचे जीएसटीसह वर्षाला साडेसहा ते साडेआठ हजार होत होते. त्या शाळेच्या सहलीत गेलेली रक्कमही जवळपास तेवढीच होती, असे दाखवल्यावर काकांनी मान्यता दिली.

सीएंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. बिलावर आपला ३० पासून सुरू होणारा जीएसटी क्रमांक पहिल्याच खरेदीच्या वेळी भरावा. मात्र जेवणावर आम्ही ५ टक्के कर भरतो आणि त्या बाजूला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे या बिलावरील कर पूर्ण परत मिळणार नाही, मसाल्यांच्या विक्रीच्या प्रमाणातच मिळेल. खर्च मांडताना म्हणून करासकट रक्कम धरली.

३ जुलै

मायक्रोसॉफ्टचे तीन परवाने घेतले. डोमेन आपलेच आहे हे सिद्ध करण्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरील नोंदवहीत, टीएक्सटी (मजकुराची) नोंद घालावी लागते. नोंद घातली, तरी पडताळणी होईना. डीएनएस पसरायला वेळ लागतो असे सगळीकडे वाचल्यामुळे दुपारभर वाट पाहिली. ती फुकट गेली. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पानावर नावाच्या चौकटीत पूर्ण डोमेन लिहिले की ते पान त्यापुढे डोमेन पुन्हा आपणहून जोडते, आणि नोंद डोमेनच्या नावाला डोमेनचेच शेपूट लावलेल्या भलत्याच पत्त्यावर जाऊन बसते. त्या चौकटीत पूर्ण नावाऐवजी फक्त ॲटचे (@) चिन्ह घातल्यावर काही मिनिटांत पडताळणी झाली. वाट पाहण्यापूर्वी नोंद बाहेरून तपासून पाहावी. त्यासाठी फुकटची संकेतस्थळे आहेत.

त्याच वेळी, डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी साठवून ठेवण्याचा काळ, १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला, म्हणजे प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी जुनी नोंद जगभर चार तास रेंगाळणार नाही.

६ जुलै

बुकिंग आणि हिशेब असे दोन शेअर्ड मेलबॉक्स तयार केले. त्यांना पासवर्ड लावून थेट आत शिरण्याचा प्रयत्न करू नये. ते खाते मुळातच लॉगिनसाठी बंद असते आणि तसेच राहू द्यावे. प्रत्येकाला दोन वेगळ्या परवानग्या द्याव्या लागतात: एक मेलबॉक्स उघडण्याची आणि दुसरी त्या पत्त्याच्या नावाने पाठवण्याची. पहिली दिली आणि दुसरी राहिली तर सगळे दिसते, पण उत्तर पाठवताना नकार येतो. परवानगी दिल्यानंतर आउटलुकमध्ये मेलबॉक्स आपणहून दिसायला थोडा वेळ जातो. फोनवरील आउटलुक ॲपमध्ये तो हाताने जोडावा लागतो.

मग नेमके तेच दिसले ज्यासाठी हा खटाटोप चालला होता, फक्त उलट्या रूपात. मी बुकिंगच्या पत्त्यावरून उत्तर पाठवले आणि त्याची प्रत माझ्या स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये गेली; सामायिक मेलबॉक्सच्या सेंट फोल्डरमध्ये काहीच नाही. काकांना माझे उत्तर दिसण्याचा मार्गच नव्हता. हा बिघाड नाही, मूळ सेटिंगच तसे आहे. प्रशासनाच्या पानावर त्या मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये, पाठवलेल्या मेलची प्रत मेलबॉक्समध्येही ठेवावी असा पर्याय आहे. तो दोन्ही प्रकारांसाठी, म्हणजे त्या नावाने पाठवलेल्या आणि त्याच्या वतीने पाठवलेल्या मेलसाठी, वेगवेगळा चालू करावा लागतो. हे सर्वांत आधी करावे, कारण आधी गेलेल्या मेलच्या प्रती मागाहून येत नाहीत.

कोणी हात घातला हे दाखवण्यासाठी रंगांच्या कॅटेगरी वापरल्या. त्या मेलबॉक्समध्येच साठतात, म्हणून एकाने लावलेला रंग सर्वांना दिसतो. काकांचा हिरवा, माझा निळा, हिशेबनिसांचा पिवळा. आधी रंग, मग उत्तर, हा क्रम. उत्तर गेले आणि दर पक्का झाला की मेल त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये जातो. इनबॉक्समध्ये बिनरंगी मेल म्हणजे बेवारशी मेल. फोनवरून रंग लावायला काका कंटाळतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा नियम केला: फोनवरून त्यांनी फक्त वाचायचे, आणि उत्तर तातडीचे असेल तर मला फोन करायचा.

१० जुलै

संध्याकाळी एमएक्स नोंद बदलली आणि जुनी काढून टाकली. एसपीएफची ओळ बदलली, डीकेआयएमसाठी दोन सी-नेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) घातल्या आणि प्रशासनाच्या पानावर सही चालू केली. नोंदी घालून सही आपणहून चालू होत नाही, ती वेगळी चालू करावी लागते. बाहेरच्या तीन-चार कंपन्यांच्या खात्यांवरून मेल मागवले, उत्तरे पाठवली. सगळे इनबॉक्समध्ये पोहोचले.

१३ जुलै

बदल झाल्यापासून संकेतस्थळावरील चौकशीच्या फॉर्ममधून एकही मेल आलेला नाही हे लक्षात आले. पावसाळ्यात चौकशा कमीच असतात म्हणून आधी कोणाला शंका आली नाही. फॉर्म स्वतः भरून पाहिला. पानावर 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू' असे आले आणि मेल मात्र कुठेच नाही. इनबॉक्समध्ये नाही, जंकमध्ये नाही, मायक्रोसॉफ्टच्या अडवलेल्या मेलच्या यादीतही नाही. म्हणजे तो मायक्रोसॉफ्टच्या दारापर्यंत पोहोचलाच नव्हता.

शेवटी जूनमध्ये होस्टिंगवर चाचणीसाठी काढलेल्या बुकिंगच्या मेलबॉक्समध्ये वेबमेलने शिरून पाहिले, तर चौकशा तिथे ओळीने पडलेल्या होत्या. त्यात बेळगावच्या एका गटाची ऑक्टोबरची विचारणाही होती. कारण असे की फॉर्म ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरला वाटत होते की या डोमेनचा मेल आपल्याच घरी येतो. घरातलाच मेल असल्यावर तो बाहेर एमएक्स पाहायला जातच नाही, सरळ आपल्या मेलबॉक्समध्ये टाकतो. बाहेरच्या जगाला नवा पत्ता कळलेला असतो, फक्त आपल्याच संकेतस्थळाला नसतो. म्हणून बाहेरून केलेल्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात आणि हा दोष दिसत नाही.

उपाय सी-पॅनेलच्या ई-मेल राउटिंग पानावर आहे. तिथे 'लोकल'ऐवजी 'रिमोट' निवडायचे. ते केल्यावर फॉर्मचा मेल निघाला, पण जंकमध्ये गेला, कारण आमच्या एसपीएफमध्ये आता फक्त मायक्रोसॉफ्टचे नाव होते आणि होस्टिंगच्या सर्व्हरचे नव्हते. ते घालताना नवी दुसरी एसपीएफ ओळ घालू नये. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन असल्या की तपासणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही निकामी ठरतात. होस्टिंगच्या सर्व्हरचा आयपी आहे त्याच ओळीत घातल्यावर फॉर्मचे मेल इनबॉक्समध्ये येऊ लागले. जुने मेलबॉक्स रिकामे करून मगच पुसले.

२० जुलै

जुने मेल हलवणे. जीमेल आयमॅपने जोडून फोल्डर ओढून घेण्याचा साधा मार्ग धरला. जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतात, लेबले असतात. आयमॅपमधून ती फोल्डरांसारखी दिसतात. ज्या मेलला दोन लेबले आहेत तो दोनदा येतो, आणि 'ऑल मेल' हा फोल्डर घेतला तर सगळेच पुन्हा एकदा येते. 'ऑल मेल' वगळला. गुगल आयमॅपवरून दिवसाला सुमारे २,५०० एमबीपेक्षा जास्त उतरवू देत नाही, तेव्हा हे काम रात्रीत उरकण्याच्या अपेक्षेने बसू नये.

थोड्याच वेळात लक्षात आले की सगळे हलवण्याची गरजच नाही. मागच्या दोन हंगामांचे बुकिंग आणि हिशेबाचे सगळे मेल हलवले. बाकीचे गुगलच्या टेकआउट या खात्यातील माहिती उतरवून देणाऱ्या सोयीतून काढून एका बाहेरच्या डिस्कवर ठेवले.

हलवताना एक नकोशी गोष्ट हाती लागली. मुक्कामाला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती जुन्या इनबॉक्समध्ये जशाच्या तशा पडून होत्या. पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यासाठी त्या मागवलेल्या असतात. काम झाल्यावर त्या तिथे राहण्याचे कारण नाही. आणि त्या इनबॉक्सचा पासवर्ड पूर्वीच्या हंगामांत काम करून गेलेल्या मुलांनाही ठाऊक होता. त्या प्रती पुसल्या, पासवर्ड बदलला, सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढले.

८ ऑगस्ट

जुना जीमेल पत्ता बंद करता येणार नाही. तो एजंटांच्या वह्यांत आहे, छापील पत्रकांवर आहे आणि रस्त्यावरच्या फलकावर आहे. त्यावर येणारे मेल नव्या बुकिंग पत्त्याकडे आपणहून जातील असे केले, आणि नवा पत्ता कळवणारे स्वयंचलित उत्तर लावले. पुढे धाडलेल्या मेलपैकी काही जंकमध्ये जातात, विशेषतः ज्यांच्याकडे डीकेआयएमची सही नाही अशा लहान हॉटेलांचे. म्हणून जंक फोल्डर रोज सकाळी पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते, त्यामुळे अधूनमधून त्यात लॉगिन करायचे हे कचेरीच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवले.

याहून किचकट काम म्हणजे तो पत्ता जिथे जिथे नोंदवला आहे ती ठिकाणे: जीएसटी पोर्टल, बँक, वीज खाते, पर्यटन खात्याकडील नोंदणी, डोमेन विकणारी कंपनी आणि स्वतः होस्टिंग. प्रत्येक ठिकाणी जुन्या पत्त्यावर ओटीपी येतो, म्हणून जुने खाते हाताशी असतानाच हे करावे. डोमेनच्या नोंदणीचा संपर्क पत्ता त्याच डोमेनवरचा मात्र ठेवू नये. डोमेनचे नूतनीकरण चुकले तर आठवण देणारा मेलही त्याच्याबरोबरच बुडतो. तिथे काकांचा खाजगी पत्ता ठेवला.

८ सप्टेंबर

चवथीच्या सुट्टीआधी डीमार्कचे, म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये नापास झालेल्या मेलचे काय करावे हे सांगणाऱ्या नोंदीचे, काम संपवायचे होते. जुलैत डीमार्कची नोंद फक्त पाहणीसाठी घातली होती, म्हणजे धोरण 'नन' (काहीच करू नये) आणि अहवाल एका वेगळ्या पत्त्यावर. अहवाल एक्सएमएल या संगणकाने वाचायच्या स्वरूपात येतात आणि डोळ्यांनी वाचण्यासारखे नसतात. ते तक्त्यात मांडून देणारे एक फुकटचे साधन वापरले.

अहवालांत मायक्रोसॉफ्ट आणि होस्टिंगचा सर्व्हर ही दोन नावे अपेक्षित होती. तिसरे एक दिसले, जे कोणालाच ओळखता येईना. आमच्या डोमेनच्या नावाने कोणीतरी मेल पाठवत होते आणि एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही नापास होत होती. पहिली शंका फसवणुकीची आली. तारखा जुळवून पाहिल्यावर उलगडा झाला: मसाल्यांच्या ऑर्डरची पावती ग्राहकाला पाठवणारी ऑनलाइन बिलाची सेवा आमचाच पत्ता प्रेषक म्हणून वापरत होती. हिशेबनिसांनी ती केव्हातरी जोडली होती आणि ती व्यवस्थित चालत असल्यामुळे कोणाच्या आठवणीत नव्हती. घाईने धोरण कडक केले असते तर ग्राहकांच्या पावत्या स्पॅममध्ये गेल्या असत्या. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये डोमेनची डीकेआयएम सही चालू करण्याची सोय होती. तिने दिलेल्या सी-नेम नोंदी डीएनएसमध्ये घातल्या आणि पुढच्या अहवालांत ती उत्तीर्ण झाली.

आज धोरण 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाकावे) केले. 'रिजेक्ट' (सरळ नाकारावे) करण्याचा विचार हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये होईल. तोवर नवी कोणतीही सेवा आमच्या पत्त्यावरून मेल पाठवणार असेल तर ती जोडण्यापूर्वी मला सांगायचे, अशी चिठ्ठी हिशेबनिसांच्या संगणकावर लावली आहे.